चौकटमामांची बादली

चौकटमामांना आपण ओळखत होतो, असं नकाशेवाला छातीठोकपणे कधीच म्हणाला नसता. तीन वर्षं दोघं एकाच इमारतीवर राबले, पण मामांचं खरं नाव विचारायचं राहूनच गेलं. ते सुतार होते, दारांच्या चौकटी बसवायचे, म्हणून सगळ्यांचे चौकटमामा. कानामागे पेन्सिल, खिशात खडू. त्यांच्या स्वतःच्या घरी बाथरूमला दार नाही, पडदा आहे, हेही त्याला उडत उडत कळलेलं.

इमारत बेचाळीस मजल्यांची. दर मजल्यावर चार घरं, सगळी हुबेहूब सारखी. भिंतीसुद्धा काँक्रीटच्या; साचे उभे करायचे, ओतायचं, की आठवड्याने पुढचा मजला. एकदा ओतल्यावर दार हलवायचं म्हणजे भिंत फोडणं आलं. घरांचे नकाशे नकाशेवाल्याने काढलेले. नोकरीतलं त्याचं हे पहिलंच मोठं काम.

मामांचा नकाशांवर काडीचा विश्वास नव्हता. पहिला मजला ओतायच्या आदल्या सकाळी त्यांनी तळमजल्याच्या जमिनीवर खडूने अख्खं घर आखलं, खऱ्या मापाचं, आणि त्यात राहायला लागले. आखलेल्या ओट्यापाशी उभं राहून भाजी चिरली. आखलेल्या पलंगावर आडवं होऊन कूस बदलली. गवंडी पोट धरधरून हसत होते.

"मामा, मामींना पण बोलवा की राहायला!"

"ती कसली येते! म्हणते, आधी आपल्या घराला दार लावा."

मग ते बाथरूममध्ये शिरले आणि कमोडच्या जागी बादली पालथी घालून बसले. थोड्या वेळाने त्यांनी नकाशेवाल्याला हाक मारली.

"जरा इकडे या. ही फळी म्हणजे दार. ढकला आत."

त्याने ढकलली. फळी खाडकन मामांच्या गुडघ्यांवर.

"परत ढकला."

परत गुडघे.

नकाशेवाल्याने कागदावर कमोड काढला होता, दार काढलं होतं. कमोडवर कोणी बसेल हे मात्र ध्यानातच आलं नव्हतं. त्याने मनात गुणाकार केला. एकशे अडुसष्ट घरं. तीनशे छत्तीस गुडघे, तेही घरटी एकच माणूस धरला तर.

तेवढ्यात मोठे साहेब फेरीवर आले. इमारतीचे मुख्य इंजिनियर. देह भारदस्त, पँट पांढरीशुभ्र. आता नोकरी गेलीच, असं नकाशेवाला धरून चालला.

"साहेब, बसा," बादली पुसत मामा म्हणाले.

"कशाला?"

"बसल्याशिवाय कळायचं नाही."

साहेब बसले. बादली कुरकुरली. मामांनी फळी ढकलली.

"आई गं! कोणी काढलंय हे?"

नकाशेवाला खाली खडूच्या रेघा बघू लागला. मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी का काढेना. कागदाला गुडघे नसतात, साहेब. दार फूटभर डावीकडे घेतलं की झालं. ओतायचंय उद्या, साचा आज हलेल."

"हलवा," गुडघे चोळत साहेब म्हणाले. "आणि तू, दुपारपर्यंत नवा नकाशा दे."

पँटच्या मागे सिमेंटचं गोल कडं घेऊन ते पुढच्या फेरीला गेले. ते त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

त्या रात्री घरी नकाशेवाल्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मग आभार मानलेत ना?"

"तशी वेळ नाही आली."

"तोंड आहे ना तुम्हाला, की नुसतीच पेन्सिल?"

वेळ पुढे तीन वर्षं आली नाही. कधी मामांच्या तोंडात खिळे असत, कधी भोवती माणसं. शेवटचं दार बसलं त्या दिवशी मात्र तो लिफ्टने थेट बेचाळिसाव्या मजल्यावर गेला. वर पोचेपर्यंत अख्खं वाक्य तोंडपाठ केलं.

मामा नव्याकोऱ्या कमोडच्या झाकणावर बसून दाराची उघडझाप करत होते. दार गुडघ्यांपासून चांगलं वीतभर लांबून जात होतं. त्याला बघून ते उठले आणि हत्यारं पिशवीत भरू लागले. नकाशेवाल्याने घसा खाकरला.

"मामा..."

"बोला."

"जेवलात का?"

मामांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"अहो, सकाळचे साडेनऊ वाजलेत."

"हो, खरंच की," नकाशेवाला म्हणाला.