पंचवटीतली गॉथिक

दामूशास्त्री गेल्याची बातमी माझ्या थोरल्या भावाने बाजारातून आणली. फुलांच्या रिकाम्या पाट्या गाडीतच ठेवून तो म्हणाला, "तुझं शास्त्रीबुवा गेलं रे, पहाटं. खांद्याला माणसं हायेत, पण मंतर सांगायला भट मिळंना." पंचवटीत भट मिळत नाही, हे बाहेरगावच्या वाचकाला खोटे वाटेल. तिथे खडा भिरकावला तर तो कुणातरी भटजींच्या अंगणात पडतो. पण त्या दिवशी शास्त्रीबुवांच्या दाराशी एकही फिरकला नव्हता, आणि का ते मला पक्के ठाऊक होते. त्यातले निम्मे कारण मीच होतो.

मी फुलमळेवाल्या माळ्याचा मुलगा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी लाजत सांगत नाही, मिरवून सांगतो. बी. ए.ला इंग्रजी घेतले आणि जुन्या इंग्रजीपाशी माझे गाडे अडले. प्राध्यापक म्हणाले, हिची मुळे समजून घ्यायची तर पंचवटीतल्या दामूशास्त्र्यांकडे जा. मला वाटले, थट्टा करताहेत. इंग्रजीसाठी भिक्षुकाकडे? पण गोष्ट खरी होती. शरणपुरातला एक म्हातारा पाद्री त्यांच्याकडे संस्कृत शिकला होता आणि दक्षिणेदाखल त्याने त्यांना गॉथिक शिकवली होती. इंग्रजी, जर्मन, डच या भाषांची ही केव्हाच वारलेली चुलती. त्या कुळात इतके जुने आणि इतके सलग लिखाण दुसऱ्या कुणाचे उरलेले नाही. आणि जे उरले आहे ते जवळजवळ सगळे येशूच्या चरित्राचे भाषांतर! म्हणजे गॉथिक शिकायची तर तेच वाचायला हवे. शास्त्रीबुवा रोज सकाळी संध्या आटोपून, ओसरीवर बसून, ते खड्या आवाजात वाचत. गल्लीने काय समजावे?

मी प्रथम गेलो तेव्हा त्यांनी जात विचारली. सांगितली. "मग ओसरीवरच बस. आत सोवळं आहे," ते म्हणाले. माझा चेहरा उतरलेला पाहून पुढे म्हणाले, "अरे, भाषेला ओसरी पुरते." मला राग आला होता, तो पुरता कधी गेलाही नाही. पण त्या ओसरीवर त्यांनी मला काहीही हातचे न राखता शिकवले. गॉथिक शब्दाशेजारी वेदातला शब्द ठेवायचा म्हणून मृताला निरोप देण्याचे सूक्तही त्यांनी माझ्याकडून स्वरांसकट पाठ करून घेतले. चुकलो की मांडीवर चापट बसे.

मग एके दिवशी गल्लीतले भिक्षुक ओसरीसमोर जमले. पुढे भिकाजीभट, त्या सगळ्यांतले वडीलधारे. "दामू, तू बाटलास असं लोक म्हणतात. काय वाचतोस ते आमच्यासमोर वाच." मी हळूच म्हणालो, बुवा, काहीतरी स्तोत्र म्हणून टाका. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पुस्तक उघडले आणि एका विधवेच्या एकुलत्या मुलाची कथा वाचली. सुनुस म्हणजे सूनु, विदुवो म्हणजे विधवा, असे बोट ठेवून समजावले. आत त्यांची विधवा लेक यमूताई चुलीशी बसली होती. फुंकणीचा आवाज थांबला. मला वाटले, आता यांना उमजेल. भिकाजीभटांचा चेहरा उलट काळवंडला. "म्हणजे वेदातले शब्द म्लेंच्छांच्या तोंडी घालतोस? त्यापेक्षा बाटला असतास तर बरं होतं!" मग अटी आल्या. प्रायश्चित्त घे, पुस्तक गोदावरीत सोड, या माळ्याला पुन्हा पायरी चढू देऊ नकोस. शास्त्रीबुवा म्हणाले, "प्रायश्चित्त घेतो. पाद्र्याकडे चहा प्यालोय, आणि दोनदा मागून प्यालोय. बाकीच्या दोन अटी जमायच्या नाहीत." यजमान तुटले ते त्या दिवसापासून. यमूताई लोकांचे पापड लाटू लागल्या. वाचन मात्र थांबले नाही...

तर त्या दिवशी मी भावाबरोबर धावत नदीवर पोहोचलो. सिन्नरहून आलेला त्यांचा पुतण्या मडके घेऊन नुसता उभा होता. मंत्र येत नव्हते, आणि मंत्रांवाचून अग्नी द्यायला त्याचा हात धजत नव्हता. वर पायऱ्यांवर भिकाजीभट आणि दहाबारा जण बघत होते. मी पुतण्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. "ए माळ्या," वरून आवाज आला, "तोंड उघडलंस तर याद राख!" तेवढ्यात माझा भाऊ, ज्याला अक्षरही ओळखता येत नाही, पायऱ्यांकडे तोंड करून म्हणाला, "मग तुमी सांगा ना, महाराज. तुमी सांगितलं का ह्यो गप ऱ्हाईल."

कुणी खाली उतरले नाही. मी सूक्त सुरू केले. पहिली ओळ कापरी आली, दुसरी सरळ. पुतण्या एकेक शब्द मागून म्हणत गेला. मधे एक दगड आमच्या मागे पाण्यात पडला. चुकून की मुद्दाम, मी वळून पाहिले नाही. सूक्त पुरे करूनच थांबलो. अग्नी दिला गेला.

परवा त्या घरी गेलो. यमूताईंनी ओसरीवर पाट मांडला, क्षणभर थांबल्या, उचलला आणि माजघरात नेऊन मांडला. "इथं बस." मग मांडीवर पुस्तक घेऊन त्यांनी सुरुवात केली. त्यांना त्यातले एक अक्षर वाचता येत नाही. भिंतीआडून इतकी वर्षे ऐकून पाठ झालेले. एका वाक्याच्या मध्येच त्या गप्प झाल्या. मला वाटले, हुंदका आला. तसे नव्हते. हे पुस्तक ज्या जुन्या गॉथिक पोथीवरून छापले, तिची तिथली पाने कधीच हरवली आहेत आणि तिथे शास्त्रीबुवा तेवढा वेळ गप्प बसत... हरवलेले जणू मनात वाचून घेत. यमूताईही तशाच बसल्या, डोळे मिटून. मग श्वास घेऊन त्यांनी पुढचे पान म्हणायला घेतले.