सर्दीशी हाडवैर

आमच्या घरमालक काकांना सर्दीचा जेवढा राग येतो, तेवढा सख्ख्या भावाने बांध कोरला तरी कुणाला येत नसेल. नालवाडीत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. काकांनी उभी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली, त्यामुळे घरात शिरलेली सर्दी म्हणजे नोंद न होता परस्पर आत आलेला कागद, असंच ते धरून चालतात. दिवाळी सरली, पहाटे थंडी झोंबायला लागली आणि दुपारचं ऊन तरीही स्वेटर काढायला लावू लागलं, की त्यांचा पारा चढला म्हणून समजा. ऊन फितूर आहे म्हणतात. कुणी शिंकलं की उलटतपासणी सुरू. "आवक कुठून झाली, ते सांग आधी." नातू म्हणतो शाळेतून, सून म्हणते सिंदीच्या लग्नातून. मग त्या लग्नात आइस्क्रीम ठेवणाऱ्याचा उद्धार पुढच्या लग्नाची पंगत उठेपर्यंत चालतो. केळझरच्या गणपतीला रांगेत मागच्या माणसाने यांच्या मानेवर शिंक दिली, तर काका देवाकडे पाठ करून त्याच्यावर उखडले, "देवासमोर तरी तोंडावर हात ठेव ना बे. एवढी मोठी सोंड आहे त्याची, सर्दी झाली तं निस्तरन कोन?" तो माणूस निघाला काकूंच्या भावाचा व्याही. काकू ते अजून लग्नाकार्यात ऐकून घेतात.

बरं, नुसता राग असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण काकांकडे उपाय होता. त्यांचं म्हणणं असं, की सर्दी एकट्याला होत नाही, घराला होते, म्हणून औषधही घराला दिलं पाहिजे. घरात एक जण शिंकला की ओवा टाकलेल्या उकळत्या पाण्याचं पातेलं मधोमध यायचं आणि काका, काकू, मुलगा, सून, दोन्ही नातवंडं, सगळ्यांनी एकाच मोठ्या गोधडीखाली डोकी घालायची. बाहेरून बघितलं तर घरात म्हैस बसल्यासारखी दिसायची आणि तिच्या पोटातून काकांचा आवाज यायचा, "ओढा, श्वास ओढा, लाजून काऊन राह्यले?" दोन-तीन दिवसांत एकाची सर्दी सगळ्यांना झालेली असायची. तेव्हा काका लाल नाक पुसत विजयाने सांगायचे, "पाहा, वेळेवर वाफ घेतली म्हनून एवढ्यावर निभावलं." मुलगा शिकलेला, शाळेत मास्तर आहे. त्याला कळत नसेल का? पण बापापुढे बोलायचं कुणी, म्हणून तोही मुकाट्याने गोधडीत डोकं घालायचा. त्याचा मला फार संताप यायचा.

मी मात्र कुठल्या तोंडाने बोलणार होते? मी मिरजेकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्यामागून इथे आले. तो सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असतो. सुरुवातीला काका बोलले की मला वाटायचं भांडतायत. पुढे इथली बोली कळायला लागली, तेव्हा समजलं की खरंच भांडतायत. पण याच माणसाने माझ्या बाळंतपणात भर पावसात रिक्षा आणली होती आणि दवाखाना येईपर्यंत रस्त्यातल्या एकेका खड्ड्यावरून रिक्षावाल्याला झापलं होतं. आईला तिकडून येता आलं नाही. माझ्या मुलीची तेल-अंघोळ, शेक-शेगडी, माझा डिंकाचा लाडू, सगळं काकूंनी केलं. काका रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन अंगणात कोवळ्या उन्हात बसायचे. तिला ते मॅडम म्हणतात. साहेबासमोर बसल्यासारखे ताठ बसायचे आणि माश्यांवर ओरडायचे. एवढं केलेल्या माणसाला, तुम्ही माझ्या मुलीला हात लावू नका, असं कसं सांगायचं?

पौषात नातू शाळेतून शिंकत आला, पातेलं चढलं, गोधडी उघडली. तिसऱ्या दिवशी काका डोळे लाल, नाक गळतंय अशा अवस्थेत दारात. "दे मॅडमले." मी दिली. माझा हात मागे येत होता, तरी दिली. त्यानंतर तिचं नाक असं चोंदलं की तिला दूध ओढता येईना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तेव्हा आम्ही दवाखाना गाठला. ती वॉर्डात होती तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "घरात सर्दी असताना एवढ्या तान्ह्या बाळाला कोणी घेतलं? घ्यायचंच असेल तर साबणाने हात धुवा, तोंडाला मास्क लावा. सर्दी आहे त्याने लांबच राहायचं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि बाळाला वाफ-बिफ अजिबात द्यायची नाही. घरात म्हातारी माणसं असतील त्यांना फ्लूचं इंजेक्शन देऊन आणा." माझ्यापेक्षा लहान असतील वयाने. मी खाली मान घालून ऐकलं. राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

कळलं ते घरी आल्यावर. दारातच काका उभे, शेजारी पातेलं, खांद्यावर गोधडी. "आण तिले. आज सगळे मिळून वाफ देऊ, सर्दीच्या सात पिढ्या पळून जातीन."

मी म्हणाले, "गोधडी आत ठेवा काका. तिला हातसुद्धा लावायचा नाही."

"कोनाले म्हनून राह्यली तू?"

"तुम्हाला. आवक कुठून झाली विचारता ना सगळ्यांना? इथून झाली. तुमच्या नाकातून. तिच्या छातीत खड्डा पडत होता, तो बघायला तुम्ही नव्हता तिथे."

काकांनी पातेलं उचललं. गोधडी घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. नवरा घरी आल्यावर म्हणाला, "झालं. आता खोल्या खाली करायला सांगतील. गरज काय होती?" मी त्यालाही सोडलं नाही. म्हटलं, गरज पाळण्यात झोपलीये, बघून ये. पण मनात भीती होतीच. तिकडे आई, इथे काकू. दोन्हीकडून तुटलं तर या मुलुखात मी कुणाकडे बघणार?

डॉक्टरीणबाईंनी काय काय सांगितलं ते रात्री काकूंच्या कानावर घातलं होतं. सकाळी जाग आली ती काकांच्या ओरडण्याने. नळावरचा साबण कोरडा, म्हणजे हात कुणी धूतच नाही, म्हणून सगळ्या घरावर तोफ चालू होती. दुपारी ते काकूंना घेऊन दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेले, आणि दंड दुखतो म्हणून संध्याकाळभर काकूंवरच चिडले. ज्याला सर्दी त्याचं पातेलं वेगळं, पंचा वेगळा, खोली वेगळी, असा हुकूम निघाला. आणि स्वतःची खुर्ची त्यांनी उचलून थेट कंपाउंडच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली नेऊन टाकली. तिथून रोज सकाळी पुकारा व्हायचा, "मॅडम, उठल्या का?" मी मुलीला घेऊन खिडकीत यायची. माझ्याशी ते अवाक्षर बोलत नव्हते. जे काय सांगायचं ते तिला. "मॅडम, तुमच्या आईले सांगा, दुपारची खिडकी उघडी ठेवजो म्हना." "मॅडम, बाप तुमचा गाडीवर थंडीत येते, हात न धुता तुमाले घेते, त्याले कोनी बोलत नाई का?" मीही तिच्यामार्फतच उत्तर द्यायची. माफी मी मागितली नाही. अजूनही मागणार नाही.

शिमगा गेला, हवा तापली, घरातले खोकले थांबले. एका सकाळी काका नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुताना दिसले. मग दारात येऊन, न बोलता, दोन्ही पंजे माझ्यापुढे धरून उभे राहिले. मी मुलगी त्यांच्या हातात दिली. तिने त्यांचा चेहरा अगदी जवळून पाहिला. ओठ काढला आणि भोकाड पसरलं. थंडीभर तिने त्यांना लांबूनच पाहिलं होतं; हा जवळचा माणूस तिला ओळखीचाच नव्हता. काका रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला हळूच परत दिलं आणि लिंबाखाली जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिथून आवाज आला, रोजच्यापेक्षा पडलेला, "मॅडम." तशी ती माझ्या कडेवर उसळली, हात नाचवत खिदळायला लागली.

तेव्हापासून मी सकाळी तिला घेऊन बाहेर बसते, दर वेळी लिंबाच्या थोडं जवळ. आधी पायरीवर बसले, मग तुळशीपाशी, काल पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. काका जागचे हलत नाहीत, तिथूनच तिला ओरडून हाका मारत राहतात. दिवसागणिक ऊन लवकर चढू लागलंय. अंगणात बसवेनासं होईल, त्याच्या आत लिंबापर्यंत पोचलं पाहिजे.