चार नंबरचा मामा

“अहो, मुलीचा मामा आहे मी! मामाऽऽ! बारा पस्तीसचा मुहूर्त आहे आणि तुम्ही मला नंबर देताय?”

ओरडणारा मी होतो. चौक-कर्जत रस्त्यावरचं टायरचं दुकान, सकाळचे साडेनऊ, आणि माझा आवाज असा लागला होता की मागच्या डोंगरावरची दोन माकडं खाली उतरून चौकशी करून गेली. (एक नंतर पुन्हा आलं.) परिणाम झाला नाही तो फक्त दुकानदारावर. त्याने माझ्या गाडीचं पुढचं चाक काढून आधीच भिंतीला टेकवलं होतं. त्यावर खडूने ‘४’ काढत तो म्हणाला,

“मामा तर आमी पन हाय.”

“कुणाचे?”

“भाचीचे.”

आता याच्याशी काय वाद घालणार? जगातला प्रत्येक पुरुष कुणाचा ना कुणाचा मामा असतोच. मी तो विषय सोडून दिला. ही माझी त्या दिवसातली तिसरी चूक. (पहिल्या दोन मी घरूनच करून निघालो होतो.)

कडावला माझ्या बहिणीच्या, सुमनच्या, मुलीचं लग्न होतं. आमच्यात नवरीला मांडवात मामा घेऊन येतो. मामा नाही तर नवरी खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे तीनशे माणसांचं जेवण, बँडवाले आणि भटजी हे सगळे माझ्या एका चाकावर उभे होते! बायको हळदीसाठी आदल्या दिवशीच पुढे गेली होती, माझा फेटा घेऊन. (“तुमच्याकडे दिला तर विसराल. तुम्ही स्वतः तेवढे या.”) मी रात्रपाळी उरकून मोहोपाड्याहून निघालो. भाचीसाठी घेतलेला तांब्याचा हंडा डिकीत बसेना, म्हणून स्टेपनी काढून घरी ठेवली. ही पहिली चूक.

दुसरी दुकानदाराने पक्कड लावून बाहेर काढली. मी तेव्हा रस्ते, ठेकेदार आणि देशाचं भवितव्य यांवर बोलत होतो. त्याने टायरमधून उपसलेली वस्तू माझ्या नाकासमोर धरली.

“ह्ये काय?”

दाभण होतं. त्याला लिंबाची साल चिकटलेली होती.

माझं भाषण तिथेच संपलं. सकाळी मीच गाडीसाठी लिंबू-मिरची ओवली होती. दाभण हरवू नये म्हणून दुसऱ्या लिंबात खोचून ठेवलं, आणि निघताना तेच लिंबू चाकाखाली ठेवून मोठ्या श्रद्धेने वरून गाडी नेली! दुकानदाराने दाभण धुतलं, पुसलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात नीट अडकवून दिलं.

“बघा, भोक सापडलंय,” मी आवाज खाली आणला. “आता लावा एक ठिगळ. पाच मिनिटांचं काम.”

“पाच बी नाय. पन नंबरात.”

एक नंबरला ट्रॅक्टरचं चाक होतं, हत्तीच्या पिल्लाएवढं. दोन नंबरला दूधवाल्याच्या मोटारसायकलची ट्यूब. तीन नंबरला हातगाडीचं चाक.

“याचा मालक कुठंय?”

“नाय आला.”

“कधी येणार?”

“काय म्हायत. पंधरा दिस झाले.”

“मग माझं आधी घ्या की!”

“मालक नाय, पन चाक हाय ना नंबरात!” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत असा भाव होता, जणू मी त्या बापड्या चाकाला पोरकं करायला निघालो होतो.

मी आंब्याखालच्या बाकड्यावर बसलो. समोर पाण्याची टाकी होती. ट्रॅक्टरचं चाक उरकल्यावर त्याने दूधवाल्याची ट्यूब फुगवून पाण्यात बुडवली आणि आम्ही दोघेही वाकून बघू लागलो. खरं सांगतो, असं बघणं मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ट्यूब हळूहळू फिरत होती. पाण्यात आभाळ होतं, आभाळात आंब्याचा मोहोर, आणि मोहोरातून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग मोत्यांची सरच. लांब माथेरानचा डोंगर उन्हात विरघळत चालला होता.

“दिसला?” दुकानदार कुजबुजला.

“दिसला,” मीही कुजबुजलो. कुजबुजायचं काय कारण होतं, कोण जाणे.

त्या पाण्यात मला कडाव दिसलं. नवरी पिवळी साडी नेसून फुगलेल्या ट्यूबमध्ये बसली होती आणि मी तिला शेताच्या बांधावरून अलगद ढकलत नेत होतो. बांध संपत नव्हता. दोन्हीकडे हिरवंगार भात, आणि प्रत्येक लोंबीतून एकेक बुडबुडा वर जाऊन फुटत होता, ‘सावधान... सावधान...’ माझ्या डोक्यावर फेटा होता, पण तो वाऱ्याने भरत भरत एवढा मोठा झाला की आम्ही दोघेही जमिनीवरून उचलले गेलो. खाली तीनशे माणसं अक्षता घेऊन वर बघत होती. सुमन हात हलवत होती. इतका छान मामा त्या गावाने कधी पाहिला नव्हता!

जाग आली तेव्हा ऊन माझ्या पायांवरून पोटावर आलं होतं. बारा वाजायला दहा कमी. दुकानाचं शटर बंद. गाडी तीन चाकांवर आणि एका जॅकवर, डोळे मिटून उभी. शटरला टेकून दोनच चाकं होती, तीन नंबर आणि चार नंबर.

“अहो मावशी!” मी शेजारच्या चहावालीला हाक मारली. “हा गेला कुठं?”

“लग्नाला. भाचीच्या. मगाशी नवं शर्ट घालून ग्येला.”

“आणि माझी गाडी?”

“ती हाय की तितं.”

पुढचं सगळं मला तुटक आठवतं. दुधाचा टेंपो. रिकाम्या कॅनच्या गर्दीत मी, आणि माझ्या मांडीवर हंडा. प्रत्येक खड्ड्याला मी हंड्यात आणि हंडा माझ्यात. खिशातलं दाभणही अधूनमधून आपलं अस्तित्व कळवत होतं.

कडावच्या मांडवात शिरलो तेव्हा ताशा कडाडत होता आणि अंगावर अक्षता पडत होत्या. हंडा घेऊन मी गर्दीतून वाट काढली. नवरी बोहल्यावर उभी. तिच्या पाठीशी मामा उभा. डोक्यावर माझा फेटा, अंगात नवा शर्ट, नखांत काळं ग्रीस.

दुकानदार!

“दादा, किती वाट बघायची रे?” सुमन डोळे पुसत म्हणाली. “भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. नशीब, बाळूदादा आला! आपल्याच आळीतला ना, माझ्या माहेरचा. मग मामाच की रे सायलीचा!”

बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं. त्या बघण्याचं वर्णन करायला मी अजून धजावलेलो नाही.

वीस वर्षांपूर्वी गाव सोडून मी मोहोपाड्याच्या कॉलनीत साहेब झालो होतो, आणि लहानपणी ज्याच्याबरोबर टायर पळवत गावभर हुंदडलो, तो बाळू मला सकाळी ओळखता आला नव्हता.

“अरे बाळ्या,” मी त्याच्या कानाशी लागलो, “तू मला ओळखलं होतंस?”

“गाडीतून उतरले तवाच.”

“आणि इथंच येणार होतास?”

“हां.”

“मग येताना मला उठवलं का नाहीस?”

बाळूने माझा फेटा सारखा केला.

“तुमचा नंबर कुटं आला होता?”