खिंडीतला म्हातारा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी नवऱ्याशी धड बोलत नव्हते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहत होतो. तिथे तेव्हा घरांपेक्षा कापसाची शेतं जास्त होती, पण चिप बनवणारे कारखाने आले होते आणि त्यांतल्या एकात माझा नवरा इंजिनिअर होता. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवून यंत्रांपुढे उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा यंत्रापुढेच बसायचं, याला काय म्हणावं? जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्या डब्याने गिळला आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही तिघं कोपराला कोपर लावून जेवायला लागलो.

लेक नऊ वर्षांची होती. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती उत्तर इंग्रजीत द्यायची. त्या डब्यावर बाप-लेक मिळून एक खेळ खेळायचे. आताच्या खेळांत असतं तसं त्यात काहीच नव्हतं. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. चार ओळी वाचायच्या, मग आपण काय करणार ते टाइप करायचं. दिवा लाव. पेटी उचल. उत्तरेला जा. मशीनला समजलं तर गोष्ट पुढे सरकायची, नाही समजलं तर ते तसं सांगून गप्प बसायचं.

"अहो, वाचायचंच आहे तर पुस्तक काय वाईट?" मी विचारलं.

"पुस्तकात काय होणार ते आधीच ठरलेलं असतं," नवरा म्हणाला. "इथे मी ठरवतो."

गोष्ट अशी होती. डोंगरापलीकडच्या एका गावात साथ आली आहे, मुलं आजारी आहेत. तुम्हाला औषधाची पेटी घेऊन बर्फातून तिथे पोहोचायचं आहे. वाट ठाऊक नाही, म्हणून बरोबर एक म्हातारा वाटाड्या दिलेला. तो हातात कंदील घेऊन पुढे चालतो, अधूनमधून काहीबाही बोलतो. मौज अशी की तुम्ही त्याच्याशी कसे वागता ते मशीन लक्षात ठेवायचं. त्याला पाव दिला नाही, तर तो पुढे मोकळेपणाने बोलत नाही. दामटून चालवलं, तर घुश्शात असतो. माझी लेक त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. नवरा मात्र प्रत्येक मुक्कामाला आधी म्हाताऱ्याला पाव द्यायचा, मग स्वतः खायचा. मला हसू यायचं. घरी आलेल्या पाहुण्याला कधी स्वतःहून पाणी विचारलं नाही, आणि इथे ही खातिरदारी!

त्या उन्हाळ्यात तिकडे सांगलीला माझ्या सासूबाई वारल्या. फोन आला तेव्हा आम्ही सकाळचा चहा घेत होतो. इंडियाचा फोन आला की नवरा बेडरूममधला रिसीव्हर उचलायचा आणि मी किचनमधला. एकाच कॉलमध्ये दोघांचं बोलणं व्हावं म्हणून ओळखीच्या सगळ्याच घरांत ही पद्धत होती. पलीकडून मोठे दीर म्हणाले, "आई गेली रे." नवऱ्याने फक्त विचारलं, "कधी?"

त्याला जाता आलं नाही. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज अगदी शेवटाला आला होता आणि वकिलाने आधीच बजावलं होतं, आत्ता देशाबाहेर गेलात तर अर्ज सोडून दिला असं धरतील. तरी त्याने वकिलाला पुन्हा फोन केला. परवानगी मागता येते, पण ती हातात पडेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. त्याने अंघोळ केली, बराच वेळ शॉवरखाली उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. शेजारच्या गल्लीतल्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या. तो जेवला, काकूंना थँक्यू म्हणाला. रडला नाही. मी वाट बघत होते. माणूस रडला की कळतं तरी, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. हा कोरडाच.

दहाव्याचा फोन आला. घरी फोन नसल्याने दीर त्यांच्या शेजारच्या डॉक्टरांकडून बोलत होते, आवाज बसलेला. सकाळी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. माणसाची इच्छा मागे राहिली की कावळा शिवत नाही असं आपल्यात मानतात, आणि मग जवळची माणसं हात जोडून गेलेल्या माणसाला मोठ्याने वचनं देतात.

"सगळं म्हणून झालं रे," दीर सांगत होते. "ताईचं माहेर तुटू देणार नाही म्हटलं. मंगळागौर चालू ठेवू म्हटलं. घर विकणार नाही म्हटलं. झाडावर एवढे कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू या, आता थांबण्यात अर्थ नाही. मग मी म्हटलं, आई, धाकटा परत येईल. कायमचा. मी आणतो त्याला. आणि शिवला बघ."

फोनमध्ये समुद्रासारखी खरखर चालू होती.

"बरं केलंस, दादा," नवरा म्हणाला.

रिसीव्हर ठेवल्यावर माझा तोल गेला. बरं केलंस? कुणी विचारलं होतं आम्हाला? माझ्या लेकीची शाळा, तिच्या मैत्रिणी, मी कम्युनिटी कॉलेजात नुकतीच सुरू केलेली अकाउंटिंगची टर्म, उन्हात रापून लावलेलं लिंबाचं झाड, सगळं एका कावळ्याच्या चोचीत देऊन टाकायचं? मला परत जायचं नव्हतं. हे मी तेव्हाही लपवलं नाही आणि आताही लपवत नाही.

"तुम्ही मानता हे?" मी विचारलं.

"मी नाही मानत," तो म्हणाला. "आई मानायची."

तंडायला समोर कुणी असावं लागतं. त्याने पुण्याच्या दोन कंपन्यांना अर्ज पाठवले. मला सांगून पाठवले, चोरून नाही. "बघू तर काय म्हणतात." मी भाजी चिरत राहिले. त्यानंतर टपालपेटी उघडताना माझा हात थबकायचा.

आणि तो पुन्हा खेळायला बसू लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही लख्ख उजेड. पाण्यावर चालणारा स्वॅम्प कूलर घरघरतो आहे, बाहेर रस्ता भाजून निघाला आहे आणि हा इथे बर्फात. मधली वाट संपून ते आता खिंडीत आले होते. तिथे म्हाताऱ्याचा पाय घसरतो आणि मोडतो. त्याला उठता येत नाही. वादळ येतं आहे. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं.

लेकीने तिच्या मैत्रिणीकडे तो खेळ पुरा केला होता. तिने सांगून टाकलं, "बाबा, यू हॅव टू लीव्ह हिम. देअर इज नो अदर वे."

"असं कसं नसेल?" तो म्हणाला. "कुणीतरी विचार केला असेलच ना."

तो एकेक करून बघू लागला. म्हाताऱ्याला उचल. उचलून चार पावलं गेलं की दोघंही बर्फात गाडले जायचे. शेकोटी पेटव. लाकडं ओली होती. दोरीने बांधून ओढ. दोरी अपुरी. काठ्यांची डोली कर, ते मशीनला समजायचंच नाही. हाक मार. खिंडीत कुणी नव्हतं. तिथेच बसून राहा. बसलं की रात्र व्हायची, आणि पडद्यावर शांतपणे यायचं की सकाळी दोघंही उठले नाहीत आणि पलीकडच्या गावात औषध पोहोचलं नाही. मग तो पुन्हा खिंडीच्या अलीकडून सुरू करायचा. ऑफिसात सुचलेल्या युक्त्या घरी येऊन टाइप करायचा. लेक कंटाळून सायकल घेऊन बाहेर पळायची.

"घाटावर हेच करतात ना," एकदा तो मान वर न करता म्हणाला. "एकेक बोलून बघायचं. बरोबर लागेपर्यंत."

तो इतके दिवस काय करत होता ते मला तेव्हा कळलं. मी उठून कूलरचा वेग वाढवला.

त्यानंतर ग्रीन कार्ड आलं. मराठी मंडळातल्या लोकांनी पार्टी दे म्हणून पिच्छा पुरवला, आम्ही आईचं वर्ष व्हायचं आहे असं सांगून टाळलं. आता कुठेही जायला मोकळे होतो, आणि म्हणूनच पुढे ढकलायला निमित्त उरलं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं होतं. पगार बेताचा, काम चांगलं. दोघं त्याविषयी बोललोही. मी म्हटलं, "तुम्ही गेलात तर मी येईन. पण आनंदाने येणार नाही, आणि तसं नाटकही करणार नाही." तो म्हणाला, "मला तरी कुठे जायचंय." मग म्हणाला, "पण आईला सांगितलंय ना."

रविवार होता, सकाळची वेळ. मी कणीक भिजवत होते. बाप-लेक पडद्यापुढे होते. त्याच्याकडच्या सगळ्या युक्त्या संपल्या होत्या. त्याने शेवटी म्हाताऱ्यालाच विचारलं, काय करू? हे इतके दिवस त्याला सुचलंच नव्हतं. वाटभर पाव दिलेला असल्यामुळे म्हातारा मोकळेपणाने बोलला. लेकीने मोठ्याने वाचलं, मला अजून आठवतं. मराठीत सांगायचं तर असं होतं: कंदील माझ्याजवळ राहू दे. तू नीघ. तिकडे लेकरं वाट बघताहेत. मागे वळून बघू नकोस, वाट चुकशील.

खाली कर्सर लुकलुकत होता.

"ही इज टेलिंग यू टु गो, बाबा," लेक हळूच म्हणाली. एरवी ती असं हळू बोलत नसे.

त्याने टाइप केलं, उत्तरेला जा. एकेक अक्षर एका बोटाने. पडद्यावर आलं की तुम्ही चालत राहता, थोडा वेळ मागे कंदील दिसतो, मग बर्फ वाढतं आणि तो दिसेनासा होतो.

आणि माझा नवरा रडायला लागला. डोळे पुसणं वगैरे नव्हे, पोटातून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. मी कणकेच्या हातांनी धावले. लेक घाबरून खुर्चीवरून उठली होती. "इट्स जस्ट अ गेम, बाबा! इट्स जस्ट अ गेम!" तो मान हलवत होता, हो ग बाळा, हो, आणि रडत होता. त्याच्या शर्टाला पाठीवर माझी कणीक लागली.

खरं सांगते, आधी मला रागच आला. जन्मदात्या आईसाठी टिपूस नाही आणि कुणा परक्याने लिहिलेल्या चार ओळींसाठी हे! पण मग वाटलं, आई गेली तेव्हा या माणसाला करायला कुणी काही ठेवलंच नव्हतं. खांदा दुसऱ्यांनी दिला, अग्नी दुसऱ्यांनी दिला, वचनसुद्धा त्याच्या वतीने दुसऱ्याने दिलं. खेळाने निदान त्याला स्वतःच्या बोटाने सोडून निघायला लावलं. हल्ली लोक अशा खेळांविषयी फार बोलतात, खेळणाऱ्याला निवड असते वगैरे. त्या खिंडीत निवड कसली? निघायचं तर होतंच. आपण निघालो हे मात्र त्याचं त्याला टाइप करावं लागलं.

खेळ त्याने तिथेच सोडला. गावातली मुलं वाचतात ते लेकीने त्याला तोंडीच सांगितलं.

त्याच आठवड्यात त्याने सकाळी सांगलीला फोन लावला. डॉक्टरांच्या घरून दिरांना बोलावून आणेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या फोनवर खरखर ऐकत थांबलो. मी किचनच्या ओट्याला टेकून उभी होते.

"दादा," तो म्हणाला, "मी परत येणार नाही. येऊन-जाऊन राहीन, वर्षश्राद्धाला नक्की येतो. पण कायमचा नाही येणार."

तेव्हा आवाज पोहोचायला आणि परत यायला मध्ये थोडा वेळ लागायचा. त्या वेळात माणूस काय काय कल्पना करतो.

"ठाऊक आहे मला," दीर म्हणाले.

"ठाऊक आहे म्हणजे?"

"घाटावर बोललो तेव्हाच ठाऊक होतं. तू कशाला येतोस? तिथे तुझं सगळं बसलंय."

"मग बोललास कशाला, दादा?"

"अरे, ती उठेना तिथून," दीर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "सगळं सांगून झालं, तरी उठेना. तिला तेवढं एकच ऐकायचं होतं. मग काय करू? खोटं बोललो. तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. ते माझ्यापाशी राहू दे, तू डोक्यात ठेवू नकोस." मग मला म्हणाले, "अगं, तू आहेस ना लाइनवर?"

"आहे, दादा," मी म्हटलं.

"त्याला आज एकटं जेवू देऊ नकोस."

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. फोन ठेवून बेडरूममध्ये गेले. मी सुटले होते. लाइन कधीच कट झाली होती, तरी तो रिसीव्हर कानाला लावून पलंगाच्या कडेवर बसला होता. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"दादा एकटाच होता ग घाटावर," तो म्हणाला. "माझ्या वाटचंही त्यालाच बोलावं लागलं."