अशोकची लाल टू-सीटर

माझ्या नवऱ्याची गाडी मी विकायला लावली.

वर्षभर हे कुणाला नीट सांगितलं नाही. आज अशोकचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले, ओटा पुसून झाला. आता लिहून टाकते.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठी.

अशोक साखर कारखान्यात इंजिनिअर होते. कागलजवळ एका शेडमध्ये त्यांना ती सापडली. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"अहो, हे काय आणलंत?"
"गाडी हाय की!"
"चालते का?"
"चालंल."

चालायला तीन वर्षं लागली.

पार्ट कुठेच मिळायचे नाहीत. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात लेथवर करून घ्यायचे. घरी कुणी आलं तर आधी खुर्चीवरचा गिअरबॉक्स उचलावा लागायचा.

पण खोटं कशाला बोलू, मजाही केली. थंडीत भल्या सकाळी रत्नागिरी रोडला लागायचो. मलकापुरात चहा. गाडी थांबली की माणसं गोळा.

"पावणं, एव्हरेज किती देती?"

हे खरा आकडा सांगायचे आणि अख्खं हॉटेल हळहळायचं.

मग पार्किन्सन्स आला.

आधी उजवा हात थरथरायला लागला, मग दोन्ही. गल्लीच्या टोकावरून हाक मारणारा हा माणूस, त्याचा आवाज पुटपुटण्यावर आला. शर्टाची बटणं मी लावायची, दाढी मी करायची, घास मी भरवायचा.

आणि रविवारी गाडी.

त्या गाडीला दोन कार्ब्युरेटर. दोन्हींनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन खोकतं. ह्यांची पद्धत जुनी होती. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आवाज जुळवायचा.

कान शाबूत होता. हात गेले होते.

म्हणून हे प्लास्टिकच्या खुर्चीत नळी कानाला लावून बसायचे, आणि स्क्रू मी फिरवायची.

"पाव आटा सोड... लई झालं... माघारी घे."

काय म्हणाले ते ऐकायला दर वेळी त्यांच्या तोंडाशी कान न्यायचा. परत बॉनेटमध्ये वाकायचं. परत कान. माझी कंबर साठीची होती, पंचविशीची नव्हती.

चार वर्षं हे केलं.

एका रविवारी इंजिनाच्या पाण्याचा पाईप फुटला. उकळतं पाणी मनगटावर आलं. मी पाना फरशीवर फेकला आणि ओरडले,

"मी माणूस सांभाळू की गाडी? दमले मी, अशोक! दमले!"

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना नुसतं नावाने हाक मारली, तीही अशी.



तीन दिवसांनी जेवताना हे म्हणाले, "उचगावचा फौंड्रीवाला गाडी मागत हुता, त्याला फोन लाव. गाडी द्यायची हाय म्हणून सांग."

"मी रागात बोलले हो."

"व्हय. पण खरं बोललीस."

फौंड्रीवाले आपला मेकॅनिक घेऊन आले. गाडी सुरू झाली आणि खोकायला लागली. मेकॅनिक मान हलवत म्हणाला, "हिचं काय खरं न्हाय."

ह्यांना काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दोघे पुरुष त्यांच्याकडे बघतही नव्हते. ते बघून माझं डोकं फिरलं.

मी नळी घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या कानाला लावली. पुढचा सूं म्हणत होता, मागचा फुसफुसत होता. पाव आटा. अजून थोडा. दोन्ही सारखे झाले.

इंजिनाचं खोकणं थांबलं.

"वैनी, ह्ये कुठं शिकलासा?" फौंड्रीवाल्यांनी विचारलं.

मी खुर्चीकडे बोट केलं. तेव्हा कुठे ते दोघे वळले आणि त्यांनी ह्यांना नमस्कार केला.

गाडी गेली. कोपऱ्यावर गिअर बदलल्याचा आवाज आला आणि मग तोही गेला.

ह्यांना काय वाटलं, मला कळलं नाही. या आजारात चेहरा थिजतो. रडणं आणि हसणं सारखंच दिसतं. म्हणून विचारलं,

"वाईट वाटतंय?"

बराच वेळ ओठ हलले. मी कान नेला.

"जा. जरा झोप आता."

आणि मी खरंच झोपले, भर दुपारी. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि हे तसेच खुर्चीत बसून होते, मला उठवायला नको म्हणून. औषधाची वेळ टळून गेली होती.

हे मी विसरू शकत नाही.

सात महिन्यांनी न्यूमोनिया झाला आणि अशोक गेले.

लोक म्हणतात, "वैनी, सुटलात तुम्ही." वाईट हेतूने नाही म्हणत. पण सुटल्यासारखं वाटत नाही. वर्षभर झोपतेय, तरी थकवा जात नाही.

आज सकाळी फौंड्रीवाल्यांचा फोन आला. आज वर्षश्राद्ध आहे हे त्यांना आठवत नव्हतं, त्यांचं काम होतं.

"वैनी, गाडी परत खोकाय लागलीया. कुणाला जमंना झालंय. एकदा येऊन कान लावा की."

मी म्हटलं, "येते. पण रविवारी नाही. रविवारी मी झोपते."

अशोक, तुमच्यावर ओरडले, माफ करा. तुम्ही माफ केलंच होतं, मला माहीत आहे. तरी म्हणते.

नमस्कार.

तुमची सुमन