पितळी रिळाची चिठ्ठी

गळ टाकून मासे धरणारे आमच्या खालापूर तालुक्यात पुष्कळ आहेत. पण गळाच्या काठीला बसवायचं जुनं रीळ, म्हणजे दोरा गुंडाळायची ती चक्री, कपाटात मांडून ठेवणारा वेडा मी एकटाच होतो. मग चौक गावच्या मिस्त्रींना तो नाद लागला. माझ्यामुळेच लागला, आणि याचा राग मला अजून येतो.

मिस्त्रींचं गॅरेज जुन्या हायवेवर आहे. घराणं मूळचं मुरुडकडचं, मुसलमान. समुद्र आजोबांच्या वेळीच सुटला, मासे मात्र सुटले नाहीत. माझी स्कूटर त्यांच्याकडेच जायची, म्हणून एकदा एका रिळाची अडकलेली स्प्रिंगही त्यांच्याकडेच नेली. त्यांनी ती चहा निवायच्या आत सरळ केली, रीळ कानाशी धरून फिरवलं, आतली किरकिर ऐकली आणि खुदकन हसले.

"साहेब, असलं अजून कुठं गावंल?"

तिथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण मला सांगायची हौस. कर्जतकडचे जुने बंगले, माळ्यावरच्या पेट्या, भंगारवाले, सगळं सांगून बसलो.

झालं! वीस वर्षं मी रविवारची झोप मोडून ज्या भंगारवाल्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तेच आता मिस्त्रींच्या दारात पंक्चर काढायला टेंपो थांबवून विचारायचे, "मिस्त्री, ही चक्री तुमच्या कामाची हाय का बघा." म्हणे हाजीर तो वजीर. अहो, मी गैरहजर कधी होतो?

त्यात ते त्या रिळांनी चक्क मासे धरायचे. मी रिळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतो, आणि हे गृहस्थ आजीच्या वयाच्या रिळाला रॉकेलने पुसून, शिलाई मशीनचं तेल सोडून, नवा नायलॉनचा दोरा भरून पाताळगंगेवर जायचे. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचो. संध्याकाळी त्यांच्याकडून आमच्या घरी मरळ यायची. बायको ती तळता तळता म्हणायची, "तुमच्या सव्वीस रिळांनी आजवर एक खवला घरात आणला नाही." मरळ चविष्ट असायची, त्यामुळे आणखीच चिडचिड व्हायची.

माझं खरं वेड मात्र रिळांच्या पेटंट-नमुन्यांचं. अमेरिकेत एके काळी पेटंट मागायचं, तर कागदावरच्या चित्राबरोबर त्या वस्तूचा छोटा नमुना सरकारात द्यावा लागे. ज्याला ती वस्तू पहिल्यांदा सुचली, त्याच्याच देखरेखीखाली घडलेला. नमुन्याला शोधकाच्या नावाची चिठ्ठी फितीने बांधलेली असे. पुढे हे नमुने विकले गेले, जगभर पांगले. मी त्यांची चित्रं मोबाइलवर शोधून, छापून, फाइलला लावत आलो. खरा नमुना डोळ्यांनी बघणं आपल्या नशिबात नाही, हे मी धरूनच चाललो होतो.

आणि एका सकाळी मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी रीळ माझ्यासमोर ठेवलं. कर्जतच्या बाजूला कुणी बंगला पाडत होतं, तिथल्या मजुराने आणून दिलेलं. मुठीत मावेल एवढं. कडेला विटकी तांबडी फीत, आणि फितीला चिठ्ठी.

"इंग्रजी हाय. वाचा ना जरा, कसली चिठ्ठी हाय?"

मी वाचली. तपकिरी शाईत शोधकाचं नाव, गावाचं नाव, आणि पेटंटसाठीचा नमुना असल्याची ओळ. माझ्या फाइलमध्ये त्या माणसाच्या रिळाचं चित्र लावलेलं होतं.

आयुष्यभर मी कचेरीत जुन्या दस्तांच्या नकला दिल्या. "कागद असेल तर बोला," हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की घरात पोरंसुद्धा माझी नक्कल करायची. त्या कागदाशिवाय ते रीळ म्हणजे नुसतं जुनं पितळ, हे त्या गॅरेजात एकट्या मला ठाऊक होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "दुकानदाराची किमतीची चिठ्ठी आहे."

"मग काढू?"

"काढा."

मला ती हवी होती म्हणून मी खोटं बोललो, असंही नाही. ती त्यांच्याकडे नसावी, एवढंच मला हवं होतं. मिस्त्रींनी ब्लेडने फीत कापली, चिठ्ठी हातात क्षणभर धरली आणि माझ्यापुढे केली. "तुमी कागदातली माणसं. ठेवा तुमाला."

मी ती खिशात घातली. वर निर्लज्जपणे म्हणालो, "हे रीळही द्या. बदल्यात माझी कुठलीही दोन घ्या."

"दोन कशाला? तुमची तुमालाच ऱ्हाऊ द्या. ह्ये माझ्या हातात बसलंय."

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, "मिस्त्रींना काय मिळालं आज? पोटात दुखतंय ना? ओवा देऊ?" चिठ्ठी मी कपाटात, फाइलच्या खाली सरकवली.

नंतर मुंबईचे एक संग्राहक माझा संग्रह बघायला आले. फोनवरची ओळख. माझी सव्वीसही रिळं त्यांनी चहा संपेपर्यंत बघून टाकली आणि विचारलं, "चौकला कुणी मिस्त्री आहेत म्हणे?" न्यावंच लागलं.

मिस्त्रींनी ते पितळी रीळ काठीवरून काढून दिलं. पाहुण्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ खाली केलं नाही.

"याला चिठ्ठी होती का हो? अशा मूळ नमुन्यांना असायची. ती असती तर छातीठोक सांगितलं असतं. तिच्याशिवाय कोणी मानणार नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भिंतीला टेकवलेल्या टायरकडे बघत राहिलो.

"नाय साहेब," मिस्त्री म्हणाले. "गावलं तवा असंच होतं."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या नशिबावर जळलो होतो. त्या क्षणी त्याच्या मनावर जळलो, आणि तसलं मन कुठल्या भंगारात मिळत नाही. पाहुण्यांना गाडीत बसवून मी घरी आलो आणि कपाट उघडून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी घेऊन चौकला गेलो. मिस्त्री काठी घेऊन निघतच होते, रीळ तेच.

"मिस्त्री, मी खोटं बोललो होतो. ही किमतीची चिठ्ठी नाही."

"ठाऊक हाय."

"काल कळलं?"

"नाय. त्याच दिवशी. तुमी ती तीनदा वाचली, साहेब. किमतीची चिठ्ठी कोण तीनदा वाचतं?"

"मग मला का दिलीत?"

"तुमाला लई हवी होती."

त्यांच्या आवाजात टोमणा शोधला, सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. मी चिठ्ठी पुढे केली. म्हणालो, आता तरी परत बांधा, पाहुण्यांना मी स्वतः फोन करतो, सगळं सांगतो.

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या रिळाकडे.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. ह्ये रोज पाण्यावर जातं. चिठ्ठी भिजंल."

आणि ते नदीच्या वाटेला लागले.

पाहुण्यांना मी फोन केला, सगळं सांगितलं. चिठ्ठी आता कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर आहे, काचेखाली, एकटी. संग्रह बघायला येणारे सव्वीस रिळं ओलांडून तिथंच थांबतात आणि विचारतात, "हिचं रीळ कुठं आहे?"

मी म्हणतो, चौकला. ज्याचं आहे त्याच्याकडे.