तिसऱ्या अंकातला इनामदार

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी तेव्हा गिरणगावातलं एकही मैदान मोकळं सोडलं नव्हतं. तरीही परळच्या आमच्या वाचनालयाने हट्टाने तीन दिवसांचा साहित्योत्सव भरवला. तोही एका जुन्या नाटककाराच्या स्मरणार्थ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याची वाक्यं गिरणीत कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात माणसं एकमेकांना ओरडून ऐकवायची. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, बावीस वर्षांची होते आणि अक्षर चांगलं होतं. म्हणून लिहिण्याची सगळी कामं माझ्याकडे.

पहिल्या दिवशी गिरगावातून एक प्राध्यापक आले. नाटककाराचा वारसा कसा चिरंतन आहे, यावर दीड तास बोलले. शेवटी म्हणाले, "कुणाला काही शंका?"

मागून एक विणकर उठला. "त्यांच्या त्या गाजलेल्या नाटकातला इनामदार बायकोशी बारा वर्षं बोलत नाही. मग भाजीत मीठ कमी पडलं, तर सांगायचा कसा?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "या अंगाने विचार व्हायला हवा."

सगळ्यांना खरी ओढ होती ती रविवारच्या त्याच नाटकाची. पण ते करायचं कुणी, यावर लालबाग, काळाचौकी आणि लोअर परळ इथली तीन मंडळं महिनाभर भांडली. अखेर वाचनालयाच्या चिटणिसांनी तोड काढली: नाटक तीन अंकी, मंडळं तीन, प्रत्येकाने एकेक अंक करावा. त्यामुळे पहिल्या अंकातला इनामदार काडीसारखा आणि दुसऱ्यातला पिंपासारखा, असं होणार होतं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. छापील पुस्तक एकच होतं. ज्याची त्याची वाक्यं वेगळ्या वहीत उतरवून देण्याचं काम मी केलं, आणि त्यात सगळं नाटक मला पाठ झालं.

रविवारी सकाळी बातमी आली. तिसऱ्या अंकातला इनामदार, आमच्या लोअर परळचा, भिंतीवर चळवळीच्या घोषणा लिहिताना पकडला गेला होता. चौकीतून त्याने निरोप धाडला होता: "नाटक थांबवू नका. मिशी ट्रंकेत आहे."

चिटणीस धावत आमच्या खोलीवर आले. "मास्तरीणबाई, तुम्हाला पाठ आहे ना?"

"मला? इनामदार? अहो, मी बाई आहे!"

"मग काय झालं? आपली इनामदारीण तरी कुठे बाई आहे?"

ते खरं होतं. इनामदारणीचं काम करायचे ते गिरणीतले फिटर होते, पन्नाशीचे, मूळ मालवणकडचे. तरुणपणी त्यांच्या स्त्रीपार्टवर लालबाग फिदा होतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

मी बाबांकडे पाहिलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "पाठ आहे ना? मग विचारतेस काय?"

दुपारी घाईने तालीम झाली. मी बोलत सुटले, काका माना डोलावत होते. आणि मग ती जागा आली. बारा वर्षांचं मौन सोडून इनामदार बोलल्यावर बायको त्याच्या पाया पडते आणि तो तिला उठवतो. मी थांबले. आमचं घर नुकतंच बौद्ध झालं होतं. पलीकडच्या चाळीतली काही माणसं अजूनही आमच्या नळाकडे फिरकायची नाहीत. काका त्याच चाळीतले, वयाने बाबांएवढे, आणि समोर त्यांची सगळी आळी बसणार.

"काका, पाया पडायचं गाळू या का? नमस्कार केला तरी चालेल."

काकांनी कमरेवर हात ठेवले. नऊवारी नेसून झाली होती, त्यामुळे ते चांगलेच दरडावणाऱ्या बाईसारखे दिसले. "बाय गो, तां नाटककारान लिवलेला हा. मी माझ्या घोवाच्या पायां पडतंय. तू मधी येव नको!"

मी नवराबायकोच्या मधे आले नाही.

पोलिसांनी अंधार पडेपर्यंतचीच परवानगी दिली होती, म्हणून नाटक चारला सुरू झालं. दोन अंक झकास झाले. तिसऱ्यात मी फेटा, मिशी आणि आठ टाचण्या लावून आवळलेला अंगरखा घालून उभी राहिले. समोर मांडवभर माणसं. माझ्याच वर्गातली पोरं पहिल्या रांगेत, तोंडं उघडी टाकून बसलेली. वाक्य आलं आणि माझी वाचाच बसली. काका दोनदा खाकरले. लोकांना वाटलं, हा अभिनयच आहे. इनामदार बारा वर्षं गप्प होता, तो एकदम कसा बोलेल?

तेवढ्यात मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "इनामदार बोललाच पाहिजे!"

"बोललाच पाहिजे! बोललाच पाहिजे!" अख्खा मांडव गरजला. बंदोबस्ताचा हवालदारसुद्धा हसायला लागला.

त्या हशात माझी भीती कुठल्या कुठे गेली. साठ मुलांचा वर्ग गप्प करणारा माझा आवाज निघाला आणि बारा वर्षांचं भाषण मी एका दमात केलं. काका डोळ्यांना पदर लावून ऐकत होते. मग वाकले आणि खरोखर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मागच्या रांगा बघायला उभ्या राहिल्या. मी त्यांचे खांदे धरले, पण काका उठेनात.

"गुडघो अडाकलो," ते पुटपुटले. "उचल गो, उचल!"

मी सगळा जोर लावला. दोन टाचण्या उडाल्या. इनामदारीण एकदाची उभी राहिली आणि टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडला.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा घाईत घेतलंस." पण चाळीच्या प्रत्येक जिन्यावर ते थांबून कुणा ना कुणाशी बोलत होते, त्यामुळे वर पोचायला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आईने दिलेलं तेल घेऊन मी काकांच्या खोलीवर गेले. त्या घरात मी कधी गेले नव्हते. काकू दारात आल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत ओरडल्या, "अहो, तुमचो घोव इलो हा!"

मग मला चटईवर बसवलं, स्वतःसाठी ओतलेला चहाचा कप माझ्या हातात दिला आणि तक्रार सुरू केली. "पंचवीस वर्षां झाली लग्नाक. माका कधी 'दमलंस गो' म्हणान इचारूक नाय, आणि थंय लोकांसमोर पायां पडता!"

आतून काका कण्हले, "तेल दी आधी."

"चहा पिव दे तिका," काकू म्हणाल्या, आणि माझ्यासमोर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा उघडून बसल्या.